जन्मठेप भोगणाऱ्या माजी सैनिकासाठी गावानं पत्र द्यावं का? द्यायचं तर त्यात काय लिहावं?

येरळाकाठ

मंडळी, नमस्कार. आमच्या खटाव तालुक्यातल्या गावचे एक माजी सैनिक येरवड्यात जन्मठेप भोगताहेत. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून 2001 साली निवृत्त झाले. आमच्याकडं पलटणीतून आलेला माणूस हुद्द्यानं कुणीही असो, गाव त्याला मेजरच म्हणतं, म्हणून इथंही मेजर म्हणतो.

2010 साली भावकीत बांधावरून आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाद चालला होता. एका संध्याकाळी शिवीगाळ झाली. मेजर घरात गेले, सिक्युरिटीच्या नोकरीसाठी घेतलेली परवान्याची बाराबोअर घेऊन बाहेर आले आणि चुलतभावावर गोळी झाडली. भाऊ जागीच गेला. मेजर बंदूक ओट्यावर ठेवून तिथंच बसून राहिले. पोलीस पाटील आल्यावर बंदूक त्यांच्या हवाली केली. कलम 302 खाली जन्मठेप झाली, हायकोर्टात अपील फेटाळलं गेलं. यात मला काही कमी-जास्त करायचं नाही. खून झाला, आणि तो मेजरनीच केला.

आता मुदतपूर्व सुटकेचा विषय निघालाय. त्यांच्या मुलीनं गावातल्या चार-पाच जणांना विचारलं, तुम्ही बाबांबद्दल लिहून द्याल का? माझं मत, द्यावं. कारण सांगतो.

निवृत्त झाल्यावर मेजर पहाटे कॅनॉलच्या रस्त्यावर पोरांकडून भरतीसाठी पळायचा सराव करून घ्यायचे. खिशात शिंप्याचा टेप असायचा. सोळाशे मीटर पळून आलेल्या पोराची छाती मोजायची, श्वास भरायला लावून परत मोजायची. पाच सेंटिमीटर फुगली नाही की दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून दोरीवरच्या उड्या जास्त. फी नाही, अ‍ॅकॅडमीचा बोर्ड नाही. त्या पोरांतली कितीतरी आज फौजेत आणि पोलिसात आहेत. पण हे गुन्ह्याच्या आधीचं. माणूस आधी चांगला होता एवढ्यावर तो आता बदललाय असं म्हणता येत नाही, हे मला कळतं.

म्हणून नंतरचं सांगतो. कोरोनात, 2020 च्या मे महिन्यात, सरकारनं नियम बदलून सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्यांनाही तातडीचा पॅरोल दिला. अट अशी होती की आधीच्या दोन रजांवरून कैदी वेळेत परतलेला असला पाहिजे. मेजर त्यात बसले. 2022 मध्ये सरकारनं पॅरोल मागं घेईपर्यंत ते वस्तीवर राहिले. सोयाबीन केलं, घेवडा केला, म्हशी सांभाळल्या. मयताची बायको आणि मुलं त्याच वस्तीवर राहतात. मेजर त्यांच्या दारावरून एकदाही गेले नाहीत. डेअरीला दूध घालायला सरळ रस्त्यानं पाच मिनिटं लागतात, ते ओढ्यातून वळसा घालून जायचे, पावसाळ्यातसुद्धा, गुडघाभर चिखलातून, हातात किटली. कुणी सांगितलं नव्हतं. परत बोलावणं आलं तेव्हा राज्यात अनेक जण वेळेत हजर झाले नाहीत. मेजर मुदतीच्या आदल्या दिवशीच वडूजहून एसटीत बसले.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते लिहून द्यायची माझी तयारी आहे. पण अशा पत्राला काही किंमत असते का, त्यात काय असावं, काय नसावं? जाणकारांनी सांगावं.

सुभेदार_बेळगाव

धागा वाचून गलबलून आलं. मीही मराठाच, त्याच काळातला.

पहिली गोष्ट, त्यांचं डिस्चार्ज बुक शोधा. त्यात निवृत्तीच्या वेळचा चारित्र्याचा शेरा असतो. तो 'एक्झेम्प्लरी' असेल तर झेरॉक्स जोडा. पुस्तक हरवलं असेल तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला मुलीनं लिहावं, सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र जोडावं. ते लोक मदत करतात.

दुसरी गोष्ट, 84-85 ला भरती झालेला असेल तर श्रीलंका पाहिलेली असणार. आम्ही 87 ते 90 च्या काळात तिथं शांतिसेनेत होतो, मग काश्मीर. परत आल्यावर झोप लागते का, एवढंही कुणी विचारलं नाही. रजेवर घरी आलो की दार वाजलं तरी माझा हात उशाशी जायचा. हे गुन्ह्याचं समर्थन म्हणून सांगत नाही. श्रीलंकेहून आलेल्या बाकी हजारोंनी कुणावर गोळी झाडली नाही. पण पस्तिशी-चाळिशीत माणूस पलटणीतून सुटतो आणि थेट बांधाच्या भांडणात येऊन पडतो, मधे त्याला कुणी धरत नाही, हे खरंय.

ओघळ

माझं स्पष्ट मत. ज्याला शस्त्र वापरायचं शिक्षण सरकारनं दिलं, त्याच्याकडून जास्त संयमाची अपेक्षा आहे. पंधरा-सतरा वर्षांची शिस्त त्या संध्याकाळी कुठं गेली? वर्दीचा दाखला माफीसाठी वापरू नये.

सुभेदार_बेळगाव

ओघळ, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच पत्रात शौर्याच्या गोष्टी नकोत. नोकरी किती वर्षं, कुठं, शेरा काय, तीन ओळी. बास.

अ‍ॅड_सातारा

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण यावर फार गैरसमज आहेत.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे खरं नाही. जन्मठेप म्हणजे जन्मभर. खुनासारख्या गुन्ह्यात, जिथं फाशीही होऊ शकली असती, तिथं प्रत्यक्ष चौदा वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 433-अ मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या 475 मध्ये आहे. चौदा ही किमान पायरी. पुढं राज्याच्या नियमांत गुन्ह्याच्या प्रकारानुसार वेगवेगळी वर्षं ठरलेली आहेत. मेजर कुठल्या वर्गात बसतात ते शिक्षा झाली तेव्हाच्या धोरणावरून पाहतात, आणि नंतरचं धोरण कैद्याच्या जास्त फायद्याचं असेल तर ते लावतात.

दुसरं, फर्लो म्हणजे संचित रजा शिक्षेत धरली जाते, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा धरली जात नाही. कोरोनातले ते दिवस वजा करून हिशोब करा. मुलीला आत्ताच सांगा, नाहीतर ती आशेनं बसेल आणि तारीख पुढं गेल्यावर खचेल.

पत्राला किंमत आहे का? आहे, पण ती योग्य प्रश्नाचं उत्तर देत असेल तर. सुप्रीम कोर्टानं 2000 साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात सांगितलं की सुटकेचा विचार करताना सरकारनं काय पाहावं. गुन्हा दोन माणसांपुरता होता की साऱ्या समाजावर त्याचा परिणाम झाला, पुन्हा घडण्याची शक्यता किती, गुन्हा करण्याची त्याची क्षमता उरली आहे का, त्याला आत ठेवून आता काही साधतंय का, आणि कुटुंबाची परिस्थिती काय. तुमची ओढ्याची आणि एसटीची गोष्ट दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. 'मनमिळाऊ स्वभाव' हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही.

2023 मध्ये केरळच्या जोसेफ नावाच्या कैद्याच्या प्रकरणात कोर्टानं आणखी पुढं जाऊन म्हटलं की दर वेळी फक्त मूळ गुन्ह्याकडं पाहत राहिलं तर इतक्या वर्षांत माणसात झालेल्या बदलाला काही अर्थच उरत नाही. तो माणूस 1998 पासून आत होता. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये असंही सांगितलंय की धोरणात बसणाऱ्या कैद्यानं अर्ज केला नाही तरी सरकारनं आपणहून विचार करायला हवा. तरी अर्ज कराच.

माजी_तुरुंगाधिकारी

नोकरीतला बराच काळ कारागृहात गेला, म्हणून कागद कसा फिरतो ते सांगतो. अधीक्षकांचं कार्यालय कैद्याची सगळी माहिती काढतं. कारागृहातले गुन्हे, काम, माफीचे दिवस, रजेवरून परतल्याच्या नोंदी. मग पोलिसांचा अहवाल, जिल्हाधिकाऱ्यांचं मत, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत, आणि शेवटी गृह विभाग.

कागद अडतो तो बहुतेक पोलिसांच्या अहवालाशी. 'सुटल्यास गावात शांतताभंगाची शक्यता' अशी एक ओळ आली की फाइल थंड. ती ओळ ठाण्याचा हवालदार गावात येऊन दोन माणसांशी बोलून लिहितो. तुमच्या पत्रानं काही बदलणार असेल तर ते इथं. पत्राची प्रत ठाण्याला द्या, आणि चौकशीला माणूस येईल तेव्हा हजर राहा.

गावाकडून येणारी पत्रं मी खूप वाचलीत. ग्रामपंचायतीचं लेटरहेड, खाली पन्नास सह्या, वर 'सदर इसम सुस्वभावी असून'. अशी पत्रं फाइलला लावली जातात आणि तिथंच राहतात. एका पत्राची मात्र मला आजही आठवण आहे. एका गवंड्यानं लिहिलं होतं, 'हा माझ्या हाताखाली काम करील, माझ्या शेडात राहील, दारू प्यायला तर मी स्वतः ठाण्यात कळवीन.' पोस्टकार्डाएवढा मजकूर. आमच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. जबाबदारी घेणारा माणूस कागदावर दिसला की वाचणारा थांबतो.

मेजर आत काय करतात हे त्यांना विचारून घ्या. येरवड्यात हातमाग आहे, सुतारकाम आहे, मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे. खुल्या कारागृहात गेलेत का? ते महत्त्वाचं. खुल्या कारागृहासाठी निवड झाली याचा अर्थ प्रशासनानं एकदा त्यांच्यावर भरवसा टाकलेला आहे.

येरळाकाठ

खूप आभार. हो, दोन वर्षांपासून येरवड्याच्या खुल्या कारागृहात आहेत, शेतीकामावर. त्याआधी हातमागावर होते. मुलगी सांगते, बराकीतल्या लिहिता न येणाऱ्यांची पत्रं आणि अर्ज तेच लिहून द्यायचे.

थोडं विषयाला सोडून, पण सांगावंसं वाटतं. आमच्या तालुक्याला हा विचार नवा नाही. औंध संस्थान इथलंच. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. खुनाची शिक्षा झालेली माणसं तिथं भिंतीशिवाय, बायकामुलांसकट राहून शेती करायची. ती वसाहत आजही चालू आहे. पंचाऐंशी वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थानाला जे जमलं, ते आपल्या गावाला एका माणसाबाबत जमू नये का, असं मला मनापासून वाटतं.

कृष्णामाई

मी दुसऱ्या बाजूची आहे. माझ्या वडिलांना त्यांच्याच चुलतभावानं मारलं. तोही जमिनीचाच वाद. मी तेव्हा आठवीत होते.

इतका वेळ सगळे प्रतिसाद वाचले. मेजरची छाती मोजायची टेप आली, डिस्चार्ज बुक आलं, राजेसाहेब आले. मयताची बायको एका वाक्यात आली आणि गेली. तिचं काय चाललंय? मुलं किती मोठी आहेत? विहिरीची पाळी आता कोण ठरवतं? तिला हे पत्र चाललंय हे माहीत तरी आहे का?

माझ्या आईला त्या माणसाच्या पॅरोलची बातमी किराणा दुकानात कळली. साखर घ्यायला गेली होती. तशीच रिकामी पिशवी घेऊन घरी आली आणि दाराला आतून कडी लावली. आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर आम्ही काही दिवस मामाकडं गेलो असतो. एवढंच हवं होतं.

पत्र देऊ नका, असं मी म्हणत नाही. आता चाळिशीला आल्यावर माझाही राग पूर्वीसारखा नाही. पण दोन गोष्टी करा. तिला आधी सांगा, बायामाणसांपैकी कुणीतरी जाऊन सांगा. आणि तिच्याकडून 'हरकत नाही'ची सही आणू नका. गावातली मोठी माणसं दारात उभी राहिली की बाई नाही म्हणू शकत नाही. माझी आई म्हणू शकली नव्हती.

पुणे_वाचक

कृष्णामाई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ पुढं जाता आलं नाही.

सहीवरून नानावटी प्रकरण आठवलं. नौदलाचे कमांडर नानावटी, 1959 चा खून. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, हायकोर्टानं जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टानं 1961 मध्ये ती कायम केली. आणि 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. त्यातही मयत प्रेम आहुजांच्या बहिणीची, मॅमी आहुजांची लेखी संमती घेतली होती. जन्मठेप कायम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत माणूस सुटला.

त्यांच्या चारित्र्याची ग्वाही द्यायला नौदल होतं, 'ब्लिट्झ' साप्ताहिक होतं, अख्खा समाज होता. खटावच्या हवालदारासाठी यातलं काहीच नाही, चौदा वर्षं होत आली तरी. त्याच्यासाठी कुणी बोलायचं तर ती डेअरीवर दूध घालणारी माणसंच. म्हणून मी पत्र देण्याच्या बाजूनं आहे.

बफेलोकर

मी न्यूयॉर्क राज्यात बफेलोला राहते. इथं 2008 मध्ये न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी माजी सैनिकांसाठी वेगळं न्यायालय सुरू केलं, आता देशभर तशी शेकडो आहेत. आरोपी माजी सैनिकाबरोबर दुसरा एक माजी सैनिक जोडून देतात. तो त्याला उपचारांना नेतो, फोन करतो, कोर्टात शेजारी उभा राहतो. खुनासारख्या गुन्ह्यांसाठी ही सोय नाही, त्यामुळं मेजरना लागू नाही. पण जोडीदाराची कल्पना घेण्यासारखी आहे.

जास्त जवळचं उदाहरण पोर्टर खटल्याचं. जॉर्ज पोर्टर कोरियन युद्धातला सैनिक. कुनु-री आणि चिप्योंग-नी इथल्या भयंकर लढायांत होता, जखमी झालेला. 1986 मध्ये फ्लोरिडात त्यानं दोघांचा खून केला, मृत्युदंडाची शिक्षा झाली. त्याच्या वकिलानं युद्धातलं काहीच ज्युरीसमोर मांडलं नव्हतं. पुढच्या सुनावणीत त्याच्या कंपनी कमांडरनं साक्ष दिली, तिथं काय घडलं आणि तो कसा लढला ते सांगितलं. 2009 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं की हे ज्युरीला कळायलाच हवं होतं. निर्दोष कुणी म्हटलं नाही. माणूस पुरता समजून घेऊन शिक्षा ठरवा, एवढंच.

मेजरचे त्या वेळचे कंपनी कमांडर हयात असतील तर त्यांच्याकडून पत्र मिळेल का?

सुभेदार_बेळगाव

मिळू शकतं. येरळाकाठ, बटालियन आणि साल मला व्यक्तिगत निरोपात कळवा. पलटणीच्या ग्रुपवर दोन दिवसांत पत्ता लागेल. आणि जोडीदाराचं म्हणाल तर मी तयार आहे. सुटले तर दर आठवड्याला फोन माझा, महिन्यातून एकदा भेट. हे लिहून सही करून देतो.

येरळाकाठ

कृष्णामाई, तुम्ही विचारलंत म्हणून काल माझी बायको आणि अंगणवाडीच्या बाई त्या वहिनींकडं जाऊन आल्या. सही मागितली नाही. वहिनींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला त्यांच्याबद्दल चांगलंबी बोलायचं न्हाई आन् वाईटबी. फकस्त पोरगा इथं ऱ्हातोय. त्यो चोवीस वर्षांचा हाय. समोरासमोर आले तर काय हुईल, ह्याची मला भीती हाय." विहिरीच्या पाळीचा वाद अजून मिटलेला नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

यावर मुलीशी बोललो. ती आणि जावई चाकणला असतात. त्यांनी ठरवलं की मेजर सुटले तर त्यांच्याकडंच राहतील, गावात राहायला येणार नाहीत. विहिरीचा मेजरचा हिस्सा वहिनींच्या नावावर करून द्यायचं मेजरनी स्वतःच तुरुंगातल्या मागच्या भेटीत सांगितलं होतं, मुलीनं ते आजवर आम्हाला बोललं नव्हतं. त्याचा कागद आधी होईल, सुटका होवो न होवो. माफीच्या अर्जाशी त्याचा संबंध जोडायचा नाही, असंही मेजरचं म्हणणं.

पत्राचा मसुदा असा केलाय:

"आम्ही खाली सही करणारे सदर बंद्याला वीस वर्षांहून जास्त ओळखतो. त्यांनी 2010 साली चुलतभावाचा खून केला, हे आम्हाला माहीत आहे, आणि त्या कुटुंबाचं झालेलं नुकसान आम्ही रोज पाहतो. 2020 ते 2022 या काळात ते पॅरोलवर गावात असताना त्यांचं वागणं आम्ही जवळून पाहिलं. मयताच्या घरासमोरून ते एकदाही गेले नाहीत. दारू किंवा भांडण याची एकही तक्रार झाली नाही. मुदतीपूर्वी स्वतःहून हजर झाले. सुटका झाल्यास ते चाकण येथे मुलीकडे राहतील. जावयांच्या ओळखीच्या गोदामात त्यांना काम देण्याचं मालकांचं पत्र सोबत आहे. निवृत्त सुभेदार दर महिन्याला त्यांची भेट घेतील. त्यांनी अटींचा भंग केल्याचं आमच्या कानावर आलं तर ते पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आम्ही घेतो."

खाली आम्ही सहा जण. पन्नास सह्या घेणार नाही.

कृष्णामाई

वहिनींकडं जाऊन आलात, बरं केलंत. 'नुकसान आम्ही रोज पाहतो' ही ओळ काढू नका, कुणी काहीही सांगितलं तरी. आणि सुटकेचा आदेश निघाला तर तारीख त्यांना आधी कळवा.

येरळाकाठ

कळवीन. शब्द देतो.

माजी_तुरुंगाधिकारी

मसुदा चांगला आहे. गोदामात काम म्हणजे नक्की काय, तेवढं लिहा. रखवालदारीचं असेल तर टाळा. गुन्हा बंदुकीचा आहे, वाचणारा तिथंच अडेल. माल मोजणं, नोंदी ठेवणं असं काही असेल तर उत्तम.

अ‍ॅड_सातारा

सहमत. सहाही जणांचे पूर्ण पत्ते आणि मोबाइल नंबर पत्रात घाला, इथं धाग्यावर नको. आधार कार्डाच्या प्रती जोडा. एक प्रत अधीक्षकांना, एक तुमच्या पोलीस ठाण्याला, एक चाकण ठाण्याला, कारण राहण्याची जागा आता तिकडची आहे आणि चौकशी तिकडंही होईल. प्रत्येक ठिकाणी शिक्का मारलेली पोच घ्या. आणि विहिरीच्या कागदाला दुय्यम निबंधकाकडं जाण्याआधी मला एकदा दाखवा.